सावलीत चार बाकडी टाका हो!

थीम पार्क रिसॉर्टच्या बाहेरच्या त्या दुकानं-रेस्टॉरंटच्या भागात जायला तिकीट लागत नाही, म्हणून दर वेळी घरचे म्हणतात, "चला, नुसती चक्कर मारून येऊ." आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. प्रवेश फुकट, पण बसणं फुकट नाही! बाकडी मोजकीच, तीही उन्हात. आईचे गुडघे दुखतात. तिला दहा मिनिटं टेकायचं असलं तरी टेबल मिळवावं लागतं. ते तरी सहज मिळतंय का? मोबाइलवर नाव नोंदवा, मग मेसेजची वाट बघा. वाट बघायची कुठे? दुकानातच, कारण एसी तिथेच. आणि तिथे खालच्या फळ्यांवर खेळणी, बरोबर पोरांच्या डोळ्यांसमोर, हाताशी. ही मांडणी आपोआप होत नाही, ठरवून केलेली असते. धाकटी हट्टाला पेटते, मी नाही म्हणते, तिचं रडं ऐकून सगळे माझ्याकडे वळून बघतात. तेवढ्यात मेसेज येतो, आणि आमची निम्मी मंडळी पार दुसऱ्या टोकाला, स्वच्छतागृहाच्या रांगेत! पोचेपर्यंत टेबल गेलेलं. पुन्हा नाव नोंदवा. आई तोवर उभीच.