अन्योन्य साहाय्याची रीतसर नोंदणी

दांडिया बाजारातल्या आपल्या वाड्यात आजारी शेजाऱ्यासाठी दहा घरांतून दहा पाकिटे मुकाट्याने गोळा होत असतील, तर हा बेशिस्त प्रकार कृपया ताबडतोब थांबवावा आणि आधी संस्था काढावी. याच बडोद्यात १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी अन्योन्य साहाय्याची मंडळी उभी केली, तेव्हा सहकारी पतसंस्थांचा कायदा देशात यायचा होता. तो १९०४ साली आला, आणि पंधरा वर्षे मंडळींचे त्यावाचून काही अडले नाही. असा उतावीळपणा आपल्या हातून होऊ नये.

१८६० च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार किमान सात जण लागतात. अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, सहचिटणीस आणि खजिनदार ही पदे वाटून झाल्यावर जे दोघे उरतील त्यांना साधे सभासद म्हणावे व त्यांच्या रुसव्याची तरतूद ठेवावी.

खरी कसोटी उद्देशांच्या कलमात आहे. दारिद्र्य किंवा संकट यांचे निवारण हा धर्मादाय हेतू होय, हे कायद्याला मान्य आहे. परंतु आपण आपसांत वर्गणी काढून आपल्याच सभासदांची संकटे निवारू लागलात, तर तो धर्मादाय न राहता भिशी होते. लाभार्थी सार्वजनिक, म्हणजे थोडक्यात परका हवा, आणि परक्याला मदत करण्यासाठी तर आपण जमलेलो नाही. मदत एकाच जातीपुरती ठेवावी, तर प्राप्तिकराची सवलत धोक्यात येते. म्हणून ‘जात, धर्म, पंथ न पाहता समस्त गरजू’ असे ठळक लिहावे आणि सूचनाफलक केवळ मराठीत लावून समस्तांची संख्या आटोक्यात ठेवावी.

नियमावलीला मराठीत घटना म्हणतात, त्यामुळे काहीतरी घडेल अशी उगाच आशा वाटते. गुजरातीत तिला बंधारण म्हणतात. मला तो शब्द अधिक प्रामाणिक वाटतो.

एवढ्यावर भागत नाही. गुजरातेत अशा संस्थेची सार्वजनिक न्यास म्हणून १९५० च्या कायद्याखालीही नोंद करावी लागते, आणि तिथून पुढे खरे वैभव सुरू होते. एखाद्या विश्वस्ताने राजीनामा दिला किंवा तो देवाघरी गेला, तर ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो. त्या अर्जाला हरकत घेता येते, आणि हरकतीसाठी बाहेरचा माणूस शोधण्याची गरज नसते. रुसलेले दोन सभासद आपण त्यासाठीच सांभाळलेले असतात. मग चौकशी लागते, तारखा पडतात, प्रत्येक तारखेला अध्यक्ष इस्त्रीचा सदरा घालून हजर राहतात, आणि सही नेमकी कोणाची चालणार हे ठरेपर्यंत खात्यातली वर्गणी सुरक्षित राहते. वकिलांची फी मात्र वेगळी वर्गणी काढून द्यावी. तिला पाकिटे चालतात.

दरम्यान तो आजारी शेजारी विचारपूस करीत आलाच, तर त्याच्या अर्जावर आवक क्रमांक घालावा आणि डॉक्टरांचा दाखला, उत्पन्नाचा दाखला व रहिवासाचा पुरावा तीन प्रतींत मागावा. तो समोरच्याच खोलीत राहतो हे सातही जणांना ठाऊक असते, परंतु इतिवृत्तात तशी नोंद नसते.