काऊबॉय पिक्चर बघताना आधी आभाळ बघा

जुन्या कृष्णधवल वेस्टर्नबद्दल, म्हणजे अमेरिकी काऊबॉय चित्रपटांबद्दल, एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'रंगीत असता तर अजून मजा आली असती.' मला हे अजिबात पटत नाही. रंग नव्हते म्हणून नाइलाजाने काळं-पांढरं, हेही अर्धंच खरं. दिग्दर्शक जॉन फोर्डने १९४८ मध्ये 'फोर्ट अपाचे' कृष्णधवल केला, १९४९ मध्ये त्याच मोन्युमेंट व्हॅलीत 'शी वोअर अ येलो रिबन' टेक्निकलरमध्ये, म्हणजे रंगीत केला, त्याला छायाचित्रणाचं ऑस्करही मिळालं. आणि १९५० च्या 'रिओ ग्रांदे'ला हा माणूस पुन्हा कृष्णधवलकडे आला. रंगीत काम महाग पडायचं हे आहेच. पण काळ्या-पांढऱ्या फिल्मवर कॅमेरामनला एक मोठी मोकळीक होती. आभाळ किती काळं करायचं हे तो स्वतः ठरवायचा.

ते कसं, हे नीट समजून घ्या, म्हणजे पिक्चर बघण्याची गोडी दुप्पट होते. मोन्युमेंट व्हॅली ही ॲरिझोना आणि युटाच्या सीमेवरची नावाहो लोकांची जमीन. लाल वाळूच्या दगडाचे सुळके, वर निळं आभाळ. यातले रंग नुसते काढून टाकले तर दगड आणि आभाळ दोन्ही करड्या रंगात एकमेकांना चिकटतात, सुळका उठून दिसत नाही. लेन्सपुढे लाल काच, म्हणजे लाल फिल्टर, लावला की निळा प्रकाश अडतो आणि आभाळ काळवंडतं. ढगांच्या पांढऱ्या प्रकाशात लाल असतोच, त्यामुळे ढग पांढरेच राहतात, आणि लाल दगड उजळतो. दूरवरचं धूसरपणही कापलं जातं. किंमत एवढीच की लाल फिल्टर साधारण तीन स्टॉप खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), म्हणजे आठपट प्रकाश लागतो. वाळवंटात उन्हाला तोटा नाही.

अडचण येते ती माणसाच्या चेहऱ्याची. लाल फिल्टरमधून ओठ आणि गाल पांढरेफटक पडतात. म्हणून माणूस जवळ आला की हलका, पिवळा फिल्टर लावायचा. मग लांबच्या शॉटमध्ये आभाळ काळंभोर आणि क्लोजअपमध्ये फिकट, असा सांधा उघडा पडतो. तो लपवायला क्लोजअप खालून न घेता डोळ्यांच्या पातळीवरून घ्यायचा, मागे आभाळाऐवजी दगड, घोडा किंवा गाडीचं चाक ठेवायचं. एकदा हे लक्षात आलं की प्रत्येक क्लोजअपच्या मागे काय ठेवलंय तिकडे नजर आपोआप जाते.

'फोर्ट अपाचे'मध्ये कॅमेरामन आर्ची स्टाउटने याच्याही पुढे जाऊन बाहेरच्या दृश्यांसाठी इन्फ्रारेड फिल्म (लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टिपणारी) वापरली. त्या आभाळात ढग कापसासारखे वर आलेत आणि खाली घोडदळाची रांग मुंगीएवढी दिसते. सेनापती हटवादीपणाने आपल्या माणसांना मृत्यूकडे घेऊन चाललाय, हे संवादाच्या आधी ते आभाळ सांगतं. (या चित्रपटांत अपाचे म्हणून दिसणारे बरेच लोक प्रत्यक्षात नावाहो आहेत, आणि फोर्डच्याच 'स्टेजकोच'मध्ये तर त्यांना हल्ला करण्यापलीकडे काही कामच दिलेलं नाही. हे खटकतं आणि खटकायलाच हवं. 'फोर्ट अपाचे'त निदान अपाचेंचा नायक कोचीजला स्वतःची बाजू आणि मान आहे, फसवणूक गोऱ्या सरकारी एजंटाची आहे.)

आता याच्या अगदी उलट टोक, 'हाय नून', १९५२. दिग्दर्शक फ्रेड झिनेमान, कॅमेरामन फ्लॉइड क्रॉस्बी. इथे आभाळ कोरं पांढरं आहे, ढगाचा ठिपका नाही. दोघांना अमेरिकी यादवी युद्धाच्या काळातल्या मॅथ्यू ब्रेडीच्या फोटोंसारखं रूप हवं होतं. ब्रेडीच्या वेळच्या ओल्या काचेच्या प्लेटला निळा प्रकाश फार लवकर लागायचा, म्हणून त्या फोटोंत आभाळ जळून पांढरं होतं. क्रॉस्बीने ते फिल्टरशिवाय, सपाट उजेडात आणलं. परिणाम बघा. ८५ मिनिटांचा चित्रपट, कथेतला वेळही जवळपास तेवढाच. बाराच्या गाडीने खुनी येणार, आणि गावातला एकही माणूस मार्शलच्या (गावच्या पोलीस अधिकाऱ्याच्या) मागे उभा राहत नाही. क्रेनवरचा कॅमेरा वर वर जातो तेव्हा मार्शल झालेला गॅरी कूपर रिकाम्या रस्त्यात एकटा. वर सावलीला ढगसुद्धा नाही. हेच दृश्य लाल फिल्टरने घेतलं असतं तर तो वीर पुरुष दिसला असता. इथे तो घाम आलेला, घाबरलेला, थकलेला माणूस दिसतो, आणि म्हणूनच माझ्या मते हे अख्ख्या वेस्टर्नमधलं सर्वांत धाडसी छायाचित्रण आहे.

१९५७ चा '३:१० टू युमा'ही आवर्जून बघा. दुष्काळाने खंगलेला शेतकरी २०० डॉलरसाठी जिवावरचं काम अंगावर घेतो. आभाळाकडे डोळे लावून बसणं काय असतं, हे मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. शेवट मी सांगत नाही, पण वर बघायला विसरू नका. आणि १९६२ चा 'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स' बघताना आभाळ शोधा. सापडेल फार थोडं. बहुतेक चित्रीकरण पॅरामाउंटच्या बंद स्टुडिओत, भिंती, कंदील, रात्र. ज्या फोर्डने आभाळ दाखवायला शिकवलं त्यानेच ते काढून घेतलं, आणि मोकळ्या रानाचा काळ संपल्याचं दुःख त्या कोंदट चौकटीतच बसलं.

रात्रीची दृश्यंही तपासा. पुष्कळ 'रात्री' भर दुपारच्या आहेत. लाल फिल्टर लावायचा, वर एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडणारा प्रकाश, दीड-दोन स्टॉप कमी ठेवायचा. चेहरे भुतासारखे होऊ नयेत म्हणून लालबरोबर हिरवा जोडायचा. 

हे सगळं घरच्या टीव्हीवर दिसायचं असेल तर थोडी खटपट करा. १९५३ च्या आधीच्या बहुतेक वेस्टर्नची चौकट १.३७ ची (उंचीच्या १.३७ पट रुंद), तुमचा टीव्ही १.७८ चा. म्हणजे दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणारच, ते राहू द्या. 'झूम' केलंत तर चौकटीची जवळपास २३ टक्के उंची कापली जाते, आणि कापलं जातं ते आभाळ. 'स्ट्रेच' केलंत तर घोडे डुकरासारखे बुटके होतात. पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' ठेवा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद, नॉइज रिडक्शन बंद (ते दाणे म्हणजेच फिल्म आहे, घाण नव्हे), डायनॅमिक कॉन्ट्रास्टही बंद. कलर टेंपरेचर 'वॉर्म', नाहीतर पांढऱ्यावर निळी झाक चढते. रंगवलेल्या आवृत्त्या मात्र मुळीच बघू नका, कॅमेरामनने ठरवलेल्या छटांवर तो सरळ रंग फासण्याचा प्रकार आहे.

सेटिंग जमलं का हे बघायला 'हाय नून'चा तो क्रेनचा शॉट लावा आणि खोलीतले दिवे मालवा. आभाळ पांढरं हवं, पण कूपरच्या काळ्या जाकिटाच्या घड्या वेगवेगळ्या दिसायला हव्यात. घड्या एकमेकांत मिसळून नुसता काळा डाग दिसत असेल, तर ब्राइटनेस एक-एक घर वाढवत जा आणि घड्या उघडल्या की थांबा.