‘मंडपात कुणाला दिसतं?’ या प्रतिक्रियेला उत्तर

‘नवा व्हिडिओ कॅमेरा घेताना मेगापिक्सेलच्या आधी सेन्सरचा रीडआउट बघा’ या लेखावर निपाणीच्या एका वाचकांनी प्रतिक्रिया दिली आहे. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून ती थोडक्यात देतो. (रीडआउट म्हणजे सेन्सरला, चित्र टिपणाऱ्या चिपला, एक फ्रेम वाचायला लागणारा वेळ. तो लांबला की चित्र वाकतं किंवा कापलं जातं, तो दोष म्हणजे रोलिंग शटर.) ‘कॅटलॉग वाचून लेख पाडणाऱ्यांनी आम्हाला धंदा शिकवू नये. रोलिंग शटर हा प्रयोगशाळेतला दोष आहे, लग्नाच्या मंडपात तो कुणाला दिसतो? इतकी वर्षं असल्या गोष्टी कुणी बघितल्या नाहीत. दिसलंच काही तर एडिटिंगमध्ये काढता येतं. अंधारात फुल फ्रेमच (मोठा सेन्सर) लागतो. त्यापेक्षा किमतीचं बोला, लेन्सचं बोला.’

आधी भाषेचं बोलू. मतभेदाला माझी ना नाही. पण ‘लेख पाडणारे’ म्हणण्याआधी लेखातला एखादा आकडा खोटा ठरवायला हवा होता. तुमच्या अख्ख्या प्रतिक्रियेत एकही आकडा नाही. कोणता कॅमेरा, कोणता मोड, किती फ्रेम, काही म्हणता काही नाही. टेपच्या जमान्यापासून बेळगाव-खानापूरच्या कार्यालयांत कॅमेरा धरूनच माझे केस पिकले आहेत. हे मिरवायला सांगत नाही, तुम्ही धंदा काढलात म्हणून सांगावं लागतंय. समोरच्याची ओळख नसताना त्याच्या पोटापाण्यावर बोट ठेवणं आपल्याकडे बरं दिसत नाही, एवढं तरी लक्षात ठेवा.

आता ‘मंडपात कुणाला दिसतं?’ हा प्रश्न.

शेवटची मंगलाष्टका संपते, अंतरपाट खाली येतो, अक्षता पडतात. त्या दोन-तीन सेकंदांत स्टेजवरचे सगळे फोटोग्राफर एकदम फ्लॅश मारतात. व्हिडिओत त्या क्षणाची एकेक फ्रेम पुढे सरकवून बघा. वरच्या निम्म्या भागात नवरीचा चेहरा पांढराफटक आणि गळ्याखाली सगळं नेहमीच्या उजेडात, मध्ये सुरीने कापल्यासारखी आडवी रेघ. पुढच्या फ्लॅशला उलटं, चेहरा जागेवर आणि शालू जळालेला. हा रोलिंग शटर. अख्ख्या लग्नात पुन्हा घेता येणार नाही असा जो क्षण, नेमका तिथेच तो दिसतो.

असं का होतं तेही सांगतो. आजच्या कॅमेऱ्यांतला सीमॉस सेन्सर सगळी फ्रेम एका दमात वाचत नाही. वरची ओळ आधी, मग तिच्याखालची, असं करत तळाला पोचायला जो वेळ लागतो तो रीडआउट. फ्लॅशची चमक जेमतेम एक मिलिसेकंदाची किंवा त्याहून कमी. ती पडते तेव्हा ज्या ओळी उघड्या असतील तेवढ्याच उजळतात. आपण २५ फ्रेमवर १/५० शटर ठेवतो, म्हणजे फ्रेम ४० मिलिसेकंदांची आणि प्रत्येक ओळ २० मिलिसेकंद उघडी. रीडआउटही २० मिलिसेकंदांचा असेल तर सगळ्या ओळी एकाच वेळी उघड्या असतील असा अवधीच उरत नाही, म्हणजे पडणारा जवळजवळ प्रत्येक फ्लॅश अर्धवट कापला जातो. रीडआउट ८ मिलिसेकंद असेल तर ४० पैकी १६ मिलिसेकंद धोक्याचे, म्हणजे शंभरातले साधारण चाळीस फ्लॅश कापले जातील, तीस पूर्ण फ्रेम उजळतील आणि तीस दिसणारच नाहीत. ४ मिलिसेकंद असेल तर कापलेले वीसवर येतात. हा साधा वेळेचा हिशोब आहे, त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

‘इतकी वर्षं कुणी बघितलं नाही’ म्हणता, कारण तेव्हा बघायला ते नव्हतंच. सोनीच्या टेपवरच्या पीडी १७० कॅमेऱ्यात तीन सीसीडी, म्हणजे जुन्या पद्धतीचे सेन्सर होते. सीसीडीत सगळ्या पिक्सेलचा चार्ज एकदम शेजारच्या झाकलेल्या नळीत उतरतो आणि मग सावकाश बाहेर जातो, त्यामुळे फ्लॅश पडला की अख्खं चित्र उजळायचं. त्याचा दोष वेगळा होता. हॅलोजन फ्रेममध्ये आला की त्याच्यातून उभी पांढरी रेघ वरपासून खालपर्यंत जायची, आणि ती मात्र सगळ्यांनी पाहिली आहे. सीमॉस आला, उभी रेघ गेली, आडवी आली.

मिरवणुकीचंही तेच. आपल्याकडच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत ध्वजाची उभी काठी घेऊन कॅमेरा पॅन करा. काठी एका सेकंदात फ्रेम ओलांडते असं धरलं, तर फोर-केच्या ३८४० पिक्सेल रुंदीत २० मिलिसेकंदांच्या रीडआउटला तिचं वरचं टोक आणि खालचं टोक यांत ७७ पिक्सेलचा फरक पडतो. ८ मिलिसेकंदांना ३१. ढोलावर उतरणारं टिपरू तर त्याहून वेगात फिरतं, ते केळीच्या सालीसारखं वाकलेलं दिसतं.

एडिटिंगमध्ये काढता येतं म्हणता ना? रोलिंग शटर दुरुस्तीचा इफेक्ट कॅमेऱ्याच्या हालचालीचा अंदाज घेऊन चित्र सरळ ताणतो. काठी बरीचशी सरळ होईल, कडा थोड्या कापल्या जातील. टिपरू मात्र सरळ होत नाही, कारण तिथे कॅमेरा नव्हे, वस्तू हलते आहे. आणि फ्लॅशचा प्रश्न हालचालीचा नाहीच, उजेडाचा आहे. तिथे कापलेली फ्रेम हुडकून तिच्यावर शेजारची फ्रेम डकवावी लागते, एकेका फ्लॅशला. अक्षतांच्या वेळी लागोपाठ फ्रेम कापलेल्या असतात, तेव्हा डकवायला चांगली शेजारीणही सापडत नाही. रात्रभर कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या तुमच्या एडिटरला एकदा विचारा की.

स्टेजवरच्या एलईडी पारचा, म्हणजे रंगीत झोताच्या दिव्यांचा मुद्दा तुम्ही काढलाच नाही, पण लेखाचा अर्धा जीव त्यात होता. डिमर खाली आणला की हे दिवे मंद होत नाहीत, वेगाने चालू-बंद होतात. शटर वेगवान असलं, तर चारशे हर्ट्झचा दिवा आणि २० मिलिसेकंदांचा रीडआउट म्हणजे फ्रेममध्ये आठ पट्टे, ४ मिलिसेकंदांना दीडच. लाइटवाल्याला सांगून डिमर शंभर टक्क्यांवर ठेवायचा, उजेड जास्त झाला तर लेन्सवर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) लावायचा आणि शटर १/५० वरून हलवायचं नाही. शटर १/१००० केलं की एलईडी वॉलवर काळे पट्टे ठळक होतात, कारण १९२० हर्ट्झच्या वॉलची त्या वेळात जेमतेम दोनच आवर्तनं होतात. १/५० ला अडतीस होतात, म्हणून फरक बुजतो. कार्यालय जनरेटरवर गेलं की तिथली वीज ५० हर्ट्झला धरून असेलच असं नाही, मग साधे दिवेही फडफडू लागतात. तेव्हा कॅमेऱ्यात असेल ते बारीक पायऱ्यांचं शटर घेऊन १/४८ पासून १/५२ पर्यंत हळूहळू फिरवायचं आणि जिथे पट्टा नाहीसा होईल तिथे सोडायचं.

आणि नवे सेन्सर हे सगळं फुकटात देतात असं मी कुठेही लिहिलेलं नाही. सोनीचा ए ९ थ्री २०२३ च्या नोव्हेंबरात जाहीर झाला, फुल फ्रेममधला पहिला ग्लोबल शटर, म्हणजे सगळ्या ओळी एकदम टिपणारा. त्यात फ्लॅश कापला जात नाही, काठी वाकत नाही. पण प्रत्येक पिक्सेलमध्ये चार्ज साठवायची जागा काढावी लागते, त्याची किंमत मोजावी लागतेच. त्याचा सर्वांत खालचा आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) २५० आहे आणि सावलीतला तपशील इतर फुल फ्रेमपेक्षा कमी. निकॉनचा झेड ६ थ्री २०२४ चा, अर्धवट स्टॅक्ड. त्यात वेगवान सर्किट चित्राच्या क्षेत्राच्या वर-खाली बसवलं आहे. वेग मिळाला, पण बेस आयएसओला सावल्या उचलल्या की आधीच्या मॉडेलपेक्षा थोडा जास्त नॉइज, म्हणजे दाणे दिसतात. तरी मंडपातल्या कामाला मी हाच सौदा करीन, कारण सावलीतला नॉइज पाहुण्यांना दिसत नाही, अर्धी जळालेली नवरी दिसते.

तुमचा फुल फ्रेमचा मुद्दा मला अर्धा मान्य आहे. वधूचा एकटीचा शॉट, मागे दिव्यांच्या माळा विरघळलेल्या, हे फुल फ्रेमवर जास्त देखणं येतं. त्याबद्दल वाद नाही. मात्र अंधाराचं तुम्ही जितकं ठासून लिहिलंत तितकं ते सरळ नाही. फुल फ्रेमचं क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर, त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरचं सुमारे ३६७. फरक सव्वा स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). सप्तपदीत दोघं चालत असताना दोघांचे चेहरे फोकसमध्ये हवेत म्हणून तुम्ही लेन्सचं छिद्र लहान करून एफ १.८ वरून २.८ वर गेलात की तो सगळा फरक तिथेच संपला. आणि एफएक्स ३ सारख्या कॅमेऱ्यावर एस-लॉग ३ मध्ये (नंतर रंग दुरुस्त करायचा फिकट मोड) आयएसओ ८०० आणि १२८०० असे दोन बेस आहेत, हे माहीत नसलेला माणूस ६४०० वर शूट करून १२८०० पेक्षा वाईट नॉइज घरी नेतो. सेन्सर मोठा घेतला म्हणून भागत नाही.

किमती रोज बदलतात, त्या दुकानात विचारा. लेन्सवर वेगळा लेख आहे.

राहिलं कॅटलॉगचं. रीडआउटचा आकडा बहुतेक कॅटलॉगमध्ये छापलेलाच नसतो, मग मी तो वाचणार कुठून? तो अंदाजाने काढावा लागतो. पूर्ण रुंदीत फोर-के ५० फ्रेम देणारा सेन्सर त्या मोडमध्ये २० मिलिसेकंदांच्या आत वाचतोच, नाहीतर पुढची फ्रेम सुरू कशी होणार? १०० फ्रेम असतील तर १० च्या आत. सोनी ए ७ फोरला फोर-के ६० साठी सुपर ३५ चा क्रॉप, म्हणजे सेन्सरचा फक्त मधला भाग घ्यावा लागतो, कारण पूर्ण रुंदीच्या सात-के ओळी त्याला तेवढ्या वेळात वाचता येत नाहीत. मात्र काही कॅमेरे जास्त फ्रेमला ओळी गाळतात आणि २५ फ्रेमला सगळ्या सावकाश वाचतात. म्हणून ज्या मोडमध्ये काम करणार त्याच मोडमध्ये मोजायचं.

मोजायला जाड लोखंडी चोकची जुनी ट्यूबलाइट लागते. इलेक्ट्रॉनिक चोकची चालत नाही, ती हजारो हर्ट्झवर जळते. वीज लाइनची हवी, इन्व्हर्टरची नको. ट्यूबच्या उजेडातल्या पांढऱ्या भिंतीवर कॅमेरा ट्रायपॉडला लावा, दुसरे दिवे बंद करा, लेन्स पूर्ण उघडी ठेवून फोकस बिघडवा, शटर १/२००० करा, आयएसओ वाढवा आणि आपल्या नेहमीच्या मोडमध्ये पाच सेकंद रेकॉर्ड करा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब सेकंदाला शंभरदा मंद होते. एका काळ्या पट्ट्यापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर म्हणजे १० मिलिसेकंद. एक फ्रेम थांबवून पट्टीने ते अंतर मोजा आणि फ्रेमच्या उंचीला त्याने भागा. उत्तर दोन आलं तर २० मिलिसेकंद, दीड आलं तर १५. एका फ्रेममध्ये दोन काळे पट्टे कधीच मावत नसतील तर १० च्या आत आहात.

पुढची प्रतिक्रिया लिहाल तेव्हा तुमच्या कॅमेऱ्याचं नाव, मोड आणि हा आकडा तेवढा लिहा. मग बोलू.