‘एक सभासद, एक मत’ सगळीकडे सारखे नाही

स्थानिक अन्नव्यवस्थेवरील एक दावा सध्या फिरतो आहे: सहकारी संस्थांत जगभर एका सभासदाला एकच मत असते, म्हणून कुठल्याही दोन देशांतील संस्थांची थेट तुलना करता येते. दावा अर्धाच खरा आहे.

आंतरराष्ट्रीय सहकारी संघाच्या 1995 च्या निवेदनात समान मताधिकाराचे तत्त्व प्राथमिक संस्थांपुरते आहे. संघीय, म्हणजे अनेक संस्थांनी मिळून बनवलेल्या, संस्थांबाबत फक्त ‘लोकशाही पद्धत’ म्हटले आहे. जर्मन कायदा तर ठरावीक सभासदांना तीनपर्यंत मते देऊ देतो. फ्रान्समध्ये 2001 पासून असलेल्या सार्वजनिक हिताच्या सहकारी संस्थेत उत्पादक, ग्राहक, कर्मचारी, अगदी नगरपालिकाही सभासद होऊ शकते. तिथे गट पाडले, तर प्रत्येक गटाच्या मतांचे वजन 10 ते 50 टक्क्यांच्या दरम्यानच ठेवावे लागते. म्हणजे शेतकऱ्याचे आणि ग्राहकाचे मत सारख्याच वजनाचे असेल असे नाही. क्वेबेकमध्ये असे बहुघटक रूप 1997 मध्येच आले.

आणि सहकारी म्हणजे आपोआप शाश्वत? तसेही नाही. संघाच्या सहकारी तत्त्वांपैकी शाश्वत विकासाचा उल्लेख असलेले सातवे तत्त्व 1995 मध्ये पहिल्यांदा जोडले गेले. तुलना करायचीच, तर आधी उपविधी वाचावेत.