पैसे ज्या खात्यात गेले, त्या खात्याचं काय?

'डिजिटल अरेस्ट'च्या फसवणुकीत, म्हणजे खोटे पोलीस व्हिडिओ कॉलवर अटकेचा धाक दाखवून पैसे उकळतात त्यात, गेलेल्या पैशांचा काही भार बँकांनीही उचलावा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी खरमरीत प्रतिक्रिया लिहिली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माणसं लोभापायी फसतात. बँका रोज मेसेज पाठवून सावध करतात, तरी ग्राहक स्वतःच्या हाताने पैसे पाठवत असेल तर बँकेने काय करावं? भरपाई मिळते म्हटल्यावर लोक बेफिकीर होतील, खोटे दावे येतील आणि भुर्दंड प्रामाणिक ठेवीदारावर पडेल. शिवाय अशा लेखांमुळे ज्येष्ठ मंडळी यूपीआयला घाबरतात.

साहेब, आधी लोभाबद्दल बोलतो, कारण तो शब्द मला लागला. महिन्यात पैसे दुप्पट करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागण्यात लोभ असतो, हे मान्य. पण डिजिटल अरेस्टवाला काही द्यायचं कबूलच करत नाही. तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमवरून गुन्हा झालाय, तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, असं तो सांगतो. समोर पोलिसांचा गणवेश, मागे भिंतीवर बोधचिन्ह. २०२४ मध्ये वर्धमान समूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांना अशाच एका टोळीने व्हिडिओ कॉलवर चक्क सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी दाखवली. तत्कालीन सरन्यायाधीशांची बतावणी करणारा माणूस त्यात होता. ७ कोटी गेले. पद्मभूषण मिळालेल्या, आयुष्यभर उद्योग चालवलेल्या, ऐंशी ओलांडलेल्या माणसाला आपण मूर्ख म्हणणार का? त्यातले सव्वापाच कोटींच्या आसपास पोलिसांना परत मिळवता आले, कारण पैसे ज्या खात्यांत गेले होते ती वेळेत गोठवली गेली. हा तपशील लक्षात ठेवा, मला सगळं तिथूनच म्हणायचं आहे.

माझ्या ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षिकेचं पासबुक मी त्यांच्याजवळ बसून पाहिलं. एकाच दिवशी तीन एफडी मुदतीआधी मोडलेल्या, आणि लगेच खाली आरटीजीएसची, म्हणजे दुसऱ्या बँकेत मोठी रक्कम लगेच पाठवल्याची, एक नोंद. खात्यात राहिलं ते पेन्शनचं किडूकमिडूक. शाखेतल्या मुलीने विचारलंही होतं, "एवढी रक्कम कशाला, मॅडम?" बाईंनी सांगितलं, "पुतण्याला फ्लॅट घ्यायचाय." हे उत्तर त्यांच्याकडून आदल्या रात्री पाठ करून घेतलं होतं. पर्समध्ये फोन चालू होता आणि पलीकडचा माणूस प्रत्येक शब्द ऐकत होता. फॉर्मवर लाभार्थी म्हणून दुसऱ्या राज्यातल्या कुठल्याशा ट्रेडर्सचं करंट खातं, म्हणजे धंद्याचं खातं. फ्लॅट घ्यायचाय आणि पैसे ट्रेडर्सला, ही विसंगती त्या कागदावर सरळ दिसते. त्या मुलीला मी दोष देत नाही, तिच्यासमोर रांग होती आणि अशा वेळी थांबवायचा अधिकारही तिला कुणी दिलेला नव्हता. पोलिसांनी नंतर सांगितलं की ते खातं काही महिन्यांपूर्वीच उघडलेलं, एरवी जवळजवळ रिकामं. त्या दिवशी त्यात ठिकठिकाणांहून मोठाल्या रकमा आल्या आणि तासाभरात पुढे निघून गेल्या.

आपण तीस वर्षं बँकेत काढलीत. करंट खातं उघडताना दुकान खरंच आहे का, हे पाहायला माणूस जायचा, हे मी आपल्याला सांगायला नको. मग ही खाती उघडतात कशी? कुणी गरजू पोरगा काही हजारांसाठी एटीएम कार्ड, चेकबुक, सिम सगळं टोळीच्या हवाली करतो. कधी अस्तित्वातच नसलेल्या फर्मच्या नावाने कागद जमवले जातात. अशा भाड्याच्या खात्यांच्या साखळीतून पैसा काही मिनिटांत डझनभर ठिकाणी फुटतो आणि शेवटी रोख किंवा क्रिप्टो होऊन जातो. फोन करणारा म्यानमार किंवा कंबोडियातल्या एखाद्या कोंडवाड्यात बसलेला असू शकतो. म्यानमारमध्ये फसवून नेलेली आपलीच पाचशेहून जास्त मुलं सरकारने मार्च २०२५ मध्ये विमानाने परत आणली. पण खातं मात्र इथलं असतं, आपल्याच देशातल्या बँकेने केवायसी, म्हणजे ओळखीची तपासणी, करून उघडलेलं. या संपूर्ण टोळीधंद्याचा आपल्या हाताला लागणारा भाग तेवढाच आहे.

आणि त्यावर लक्ष ठेवता येतं. झोपलेल्या खात्यात अचानक वीस लाख येतात आणि पाच मिनिटांत बाहेर पडतात, हे ओळखायला फार मोठी विद्या लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने 'म्यूलहंटर' नावाची प्रणाली यासाठीच बनवली, डिसेंबर २०२४ मध्ये ती जाहीरही झाली. साधी गोष्ट बघा, एनईएफटी (दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायची आणखी एक सोय) आणि आरटीजीएस करताना लाभार्थीचं नाव आपण लिहायचो, पण पैसे जमा व्हायचे ते फक्त खातेक्रमांकावरून. क्रमांकामागचं खरं नाव आधी दाखवायची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत करा, असं बँकांना सांगावं लागलं. इतकी वर्षं हे राहून गेलं, त्याचा दोष ग्राहकाच्या लोभाला कसा देणार?

बँकाही फसतात, साहेब. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेत मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, घुसवून चोरांनी बनावट कार्डांनी २८ देशांत पैसे काढले, दोन दिवसांनी स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेतून हाँगकाँगला आणखी जवळपास १४ कोटी पाठवले. मिळून सुमारे ९४ कोटी गेले. तेव्हा ही बँक लोभी होती असं कुणी म्हटलं नाही, आणि ते योग्यच होतं. सराईत टोळीने हल्ला केला, असंच आपण सगळे म्हणालो. हाच न्याय त्या शिक्षिकेला का नाही?

आता भरपाई. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक ग्राहकाचीही नसेल आणि बँकेचीही नसेल आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर शून्य जबाबदारी. दोष ग्राहकाचा आहे हे सिद्ध करायचं काम बँकेचं. चांगला नियम आहे. पण तो ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी. धाक दाखवून त्याच्याच हाताने पैसे पाठवून घेतले, की तो व्यवहार 'अधिकृत' ठरतो आणि माणूस उघड्यावर पडतो.

ब्रिटनने हीच फट बुजवली. ७ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे अशा फसवणुकीत ८५ हजार पौंडांपर्यंतची भरपाई बंधनकारक आहे, आणि ती पाठवणारी आणि स्वीकारणारी बँक निम्मी निम्मी वाटून घेतात. आपल्या बेफिकिरीच्या आणि खोट्या दाव्यांच्या शंकेचाही तिथे विचार झालाय: घोर निष्काळजीपणा सिद्ध झाला तर पैसे नाहीत, पहिले शंभर पौंड ग्राहकाकडून कापता येतात, आणि खुद्द दावेदारच फसवणुकीत सामील असेल तर प्रश्नच मिटला. आपल्याकडे मर्यादा वेगळी ठेवा, टक्केवारी वेगळी ठेवा. पण स्वीकारणाऱ्या बँकेच्या खिशाला झळ बसल्याशिवाय खातं उघडताना कुणी दोनदा पाहणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

यूपीआयचं म्हणाल तर भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला मीही त्यावरच पैसे देतो आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनाही शिकवलंय. त्याची रोजची मर्यादा साधारण लाखभर. आयुष्याची पुंजी जाते ती बहुधा आरटीजीएसने. बहुतेक बँकांच्या अॅपवर नवा लाभार्थी जोडला की पहिला दिवस रकमेवर मर्यादा असते. शाखेत फॉर्म भरून केलेल्या आरटीजीएसला असा थांबा नसतो. साठीपुढच्या ग्राहकाने एफडी मोडून अनोळखी खात्यात मोठी रक्कम पाठवायची म्हटली, तर एक दिवसाचा सक्तीचा थांबा आणि घरच्या एका माणसाला फोन, एवढं तरी करता येईल. त्या एका रात्रीत बाईंनी भावाला सांगितलं असतं, असं त्या स्वतःच म्हणतात.

आपल्याला एक विनंती आहे. आपल्या शाखेत करंट खात्यासाठी जागेची पाहणी कशी व्हायची, ती कधीपासून आणि कशामुळे ढिली पडली, हे आपण लिहा. टार्गेट, मनुष्यबळ, आउटसोर्सिंग, जे काही असेल ते. तो लेख मी एक शब्दही न बदलता इथे छापीन. आणि वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी आत्ता असा कॉल चालू असेल, तर तो बंद करून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. पैसे गेले असतील तर शरमेत वेळ घालवू नका, पहिल्या तासाभरात खातं गोठवता येण्याची आशा सर्वांत जास्त असते.