डोकं चालेना? मग ब्लिट्झ करा

अभिनंदन, तुम्ही आता डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे बचावाचे कोच आहात. पगार नाही, ऑफिस म्हणजे सोफा, पण एनएफएलची, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगची मॅच लावून "अरे माणसं पाठव ना त्याच्या अंगावर!" असं ओरडता येतं ना, बास, तेवढी पात्रता पुरते.

हिशोब साधा आहे. समोरच्या टीमच्या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास टाकणाऱ्याच्या रक्षणाला पाच धिप्पाड लाइनमन असतात, तुम्ही एरवी चार जण त्याच्यावर सोडता आणि सात जण मागे पास अडवायला ठेवता. पाच किंवा जास्त सोडले की झाला ब्लिट्झ. जितके पुढे गेले तितके मागे कमी, ही वजाबाकी चौथीतल्या पोरालाही येते, पण चौथीतल्या पोराला कोणी हेडसेट देत नाही आणि हेडसेट डोक्यावर चढला की वजाबाकी विसरायला होतं.

तर ब्लिट्झ कधी करायचा? समोरचा क्वार्टरबॅक बॉल पटकन सोडणारा असेल तेव्हा तर नक्कीच. तुमचा लाइनबॅकर (मधल्या फळीतला गडी) जिथून निघाला ती जागा रिकामी, बॉल बरोब्बर तिथेच पडणार आणि तुमचा गडी क्वार्टरबॅकपाशी पोचेपर्यंत तिकडे पास झेलणारा रिसीव्हर पंधरा यार्ड पुढे. पण धावला बघा कसला जोरात! टीव्हीवर छान दिसतं ते. मागे उभं राहून पास अडवणाऱ्याकडे कॅमेरा वळतच नाही, बिचारा.

आणि हो, लपवाछपवी करू नका. स्नॅपच्या (बॉल खेळात येण्याच्या) आधीच सगळे लाइनवर येऊन उभे राहा, म्हणजे त्यालाही प्ले बदलायला वेळ मिळतो, माणुसकी म्हणून. येतो येतो म्हणत मागे सरकणं हा चक्क दगा आहे. 2009 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या फायनलमध्ये, स्टीलर्सच्या जेम्स हॅरिसनने हेच केलं, ब्लिट्झला जायचं सोडून गुपचूप मागे सरकला, समोरच्या क्वार्टरबॅकचा, कर्ट वॉर्नरचा पास गोल लाइनपाशी पकडला आणि 100 यार्ड पळत जाऊन टचडाउन केला. स्टीलर्स 27-23 ने जिंकले. आता असला माणूस तुम्हाला टीममध्ये चालेल का?

एखादी गोष्ट चालत नसेल तर तीच आणखी जोरात करा. 1985 ची बेअर्स टीम आठवा, त्यांचा डिफेन्स कोच बडी रायनचा ब्लिट्झवाला 46 डिफेन्स (हे 46 म्हणजे डग प्लँकच्या जर्सीचा नंबर, आणि प्लँक तर तोवर टीममध्येही नव्हता), सगळी लीग घाबरून होती, बारापैकी बारा मॅच जिंकल्या. मग मायामीत तिथला क्वार्टरबॅक डॅन मरीनो भेटला, तो बॉल इतक्या लवकर सोडायचा की अंगावर आलेली माणसं त्याला भेटून परत जायची. हाफटाइमलाच मायामी 31-10 ने पुढे, शेवटी 38-24. अख्ख्या सीझनमधली त्यांची एकमेव हार. पुढे सुपर बोल 46-10 ने जिंकले हे खरं, पण तिथे समोर मरीनो नव्हता.

पण सगळ्यात उत्तम मुहूर्त सांगतो. 6 डिसेंबर 2020, न्यू जर्सीचं मेटलाइफ स्टेडियम, कोविडमुळे प्रेक्षक नाहीत, जेट्स सीझनभरात अकराच्या अकरा मॅच हरलेले. आज मात्र 28-24 ने पुढे, 13 सेकंद उरलेत, रेडर्स गोल लाइनपासून 46 यार्ड लांब आणि फील्ड गोलच्या तीन पॉइंटचा उपयोग नाही, टचडाउनच पाहिजे. अशा वेळी कोणीही शहाणा माणूस सगळ्यांना मागे गोल लाइनकडे नेऊन उभा करेल, ते आपल्याला करायचं नाहीये. जेट्सचा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर ग्रेग विल्यम्सने सात जण सोडले. मागे खोलवर सेफ्टी (सगळ्यात मागचा राखणदार) नाही, एक अनड्राफ्टेड (नव्या खेळाडूंच्या निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, कोणीच न घेतलेला) नवखा कॉर्नर रिसीव्हरला अडवायला एकटा, आणि त्याच्यासमोर 40 यार्ड 4.27 सेकंदात पळणारा हेन्री रग्ज. पुढचं सांगायला नकोच, 31-28. दुसऱ्या दिवशी विल्यम्सची नोकरी गेली. काही फॅन्स तर मनातून खूश होते, की हरत राहिलो तर ड्राफ्टमध्ये पहिला नंबर, म्हणजे कॉलेजातला नावाजलेला क्वार्टरबॅक ट्रेव्हर लॉरेन्स आपलाच, पण जेट्सना तेही नीट जमलं नाही, पुढे दोन मॅच जिंकून बसले आणि लॉरेन्स गेला जॅक्सनव्हिलला.

आता म्हणाल, नोकरीची रिस्क आहे की यात. तसंच काही नाही हो. जानेवारी 2022, टँपा बे 27-3 ने मागे होती, तिथून ओढत ओढत 27-27 केलं, 42 सेकंद बाकी, ओव्हरटाइम समोर दिसतोय, आणि टँपाचा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर टॉड बोल्सने ब्लिट्झ केला. रॅम्सचा क्वार्टरबॅक स्टॅफर्डने रिसीव्हर कूपर कपला 44 यार्डांचा पास टाकला, मग फील्ड गोल, रॅम्स 30-27, टँपाचा सीझन खल्लास. तर या बोल्सचं काय झालं माहितीये? दोनेक महिन्यांत हेड कोच ब्रूस एरियन्स बाजूला झाले आणि बोल्सच हेड कोच झाला.

तेव्हा माणसं सोडायच्या आधी डाउन (कितवा प्रयत्न आहे ते) बघा, यार्ड बघा, घड्याळ बघा नाहीतर नका बघू, पण आपला हेड कोच खुर्ची सोडायच्या मूडमध्ये आहे का ते तेवढं विचारून ठेवा.