आडनाव काय गं तुमचं?

कोरियन गाणी ऐकते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "आर्मी की ब्लिंक?" (आर्मी म्हणजे बीटीएस या कोरियन गटाचे चाहते, ब्लिंक म्हणजे ब्लॅकपिंक या गटाचे.) लग्नाच्या पंगतीत शेजारची काकू "आडनाव काय गं तुमचं?" विचारते ना, अगदी त्याच सुरात. उत्तरावरून मला कुठल्या रांगेत बसवायचं ते ठरणार!

अहो, मला बीटीएसची चार गाणी आवडतात आणि ब्लॅकपिंकची दोन. झालं, दोन्हीकडून वाळीत. मी म्हणे "मल्टी". म्हणजे बाटगी!

बरं, आर्मी म्हणवून घेतलं तरी सुटका नाही. कधीपासूनची? २०१३ पासूनची, की २०२० च्या इंग्रजी गाण्यानंतर आलेली? बीटीएसच्या सात जणांपैकी बायस, म्हणजे सगळ्यांत लाडका, कोण? एकाचंच नाव चार वेळा घेतलं, तर लगेच "सोलो स्टॅन"चा, म्हणजे फक्त एकाचीच चाहती असल्याचा शिक्का. 'आर्मी' हे चाहत्यांचं नाव जुलै २०१३ मध्ये जाहीर झालं, हे मलाही पाठ आहे हो. पण गाणं ऐकायला कुळाचा दाखला कशाला लागतो?

नावांची हौस सगळीकडेच असते म्हणा. लेडी गागाचे 'लिटल मॉन्स्टर्स' आहेत, बियॉन्सेचं मधमाश्यांचं पोळं आहे. पण पोळ्यात शिरायला आधारकार्ड?

घरी तर वेगळीच तऱ्हा. डिसेंबर २०२२ मध्ये बीटीएसमधला जिन खरोखरच्या सैन्यात भरती झाला. मी रडवेली होऊन बसलेली, आणि बाबा पेपरातून डोकं वर काढून म्हणतात, "तू पण आर्मीच ना? मग तुझी गाडी कधीची?"